माल्टाचा अल्ला आणि आमची मराठी

‘भाषेला धर्म नसतो’ हे वाक्य आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक साहित्य संमेलनात कोणी ना कोणी उच्चारतो आणि त्याला टाळ्याही पडतात. त्याच मांडवात, जेवणाच्या रांगेत, एखादे सुशिक्षित गृहस्थ शेजारच्या शेख किंवा मुलाणी आडनावाच्या माणसाला कौतुकाने विचारतात, ‘‘तुम्ही मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं काय बोलता?’’ हा माणूस तीनशे-चारशे वर्षे याच मातीत आहे. बाजारात, कोर्टात, शेतात, एसटीत तो मराठीच बोलत आला आहे. तरी त्याने आपल्या मराठीचा खुलासा द्यायचा! आणि तोच माणूस घरी परतला की त्याचे स्वतःचे लोक विचारतात, ‘‘कायको उनकी जबान में लिखता रे?’’ त्यांची जबान! म्हणजे तिकडच्यांना तो पाहुणा वाटतो आणि इकडच्यांना फितूर. या दोन प्रश्नांच्या मध्ये आपल्या दोन पिढ्यांचे लेखन अडकून पडले आहे.

मी केमची. करमाळा तालुक्यातले, मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गावरचे हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. इथले कुंकू महाराष्ट्रभर जाते. मी बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. उर्दू माझी रोजी आहे, दखनी माझ्या घरची बोली आहे आणि मराठी माझ्या गावची, बाजारची, वाचनाची आणि लेखनाची भाषा आहे. या तिन्हींत माझ्या मनात कधी भांडण झाले नाही. भांडण बाहेरचे लोक लावतात. या भांडणाचा निकाल लावणारे एक उदाहरण मला अलीकडे मिळाले, तेही थेट भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरचे.

माझा धाकटा भाऊ पुण्यात यंत्रे बसवून देण्याचे काम करतो. कामानिमित्त त्याला आठ दिवस माल्टाला जावे लागले. दिवसभर कारखान्यात काम आणि संध्याकाळी हिंडणे. मधला एक रविवार पूर्ण मोकळा मिळाला. त्या वेळात त्याने व्हॅलेट्टा या राजधानीच्या उतरत्या गल्ल्या पाहिल्या, तटबंदीतले जुने मदिना नावाचे गाव पाहिले, त्याला लागून असलेले रबात पाहिले, बोटीने गोझो बेटावरही जाऊन आला. परत आल्यावर त्याने ना किल्ले सांगितले ना समुद्र. तो म्हणाला, ‘‘आपा, वो लोगां गिरजे में अल्ला बोलते!’’

बाजारात भाजीवाल्याची मोजणी त्याला समजली. वाहिद, त्नेन, त्लीता, एर्बा, हम्सा. मदरशात लहानपणी शिकलेले अरबी आकडे थोडे चेपून कोणी बोलावे तसे. दुकानाच्या दारावर वारांची नावे होती, त्यात शुक्रवारला ‘जिमा’. पुस्तकाला ‘क्तीब’, जगाला ‘दिन्या’, निरोप घेताना ‘सह्हा’, म्हणजे आपली सेहत. मास्तरला शब्द आहे ‘आल्लीम’. मी मुअल्लिमा, त्यामुळे हा शब्द मला विशेष आवडला. आमच्या दखनीत ‘कलम’चा ‘खलम’ होतो आणि उर्दूच्या तासाला मी तो सुधारत बसते. माल्टाचे लोक अरबीतला ‘क़ाफ’ गिळूनच टाकतात, ‘क़ल्ब’ला ‘अल्ब’ म्हणतात. कोणीही त्यांना सुधारत नाही, कारण ती आता त्यांची स्वतंत्र भाषा आहे. तिचे व्याकरण आहे, शब्दकोश आहे, साहित्य आहे.

आता मूळ गोष्ट. हे लोक कॅथलिक ख्रिश्चन आहेत, आणि नावापुरते नव्हेत, पक्के. माल्टा हा देश क्षेत्रफळाने ३१६ चौरस किलोमीटर. आपल्या एका सोलापूर जिल्ह्यात असे ४७ माल्टा मावतील. लोकसंख्या पाच लाखांहून थोडी जास्त. या लोकांच्या भाषेत देवाचे नाव ‘अल्ला’ आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाला ते ‘रन्दान’ म्हणतात, तो आपला रमजान. ईस्टरला ‘लेय्द इल-क्बीर’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘मोठी ईद’. गुड फ्रायडेला म्हणतात ‘मोठा जुमा’. नाताळ म्हणजे ‘मिलीद’, आपल्या मिलादचाच भाऊ. आणि मरियमची प्रार्थना सुरू होते ती सलामने.

मोस्टा नावाच्या गावी मोठ्या घुमटाचे चर्च आहे. ९ एप्रिल १९४२ रोजी, दुसऱ्या महायुद्धात, जर्मन विमानातला एक बॉम्ब तो घुमट फोडून आत पडला. आत अडीचशेहून अधिक माणसे प्रार्थनेसाठी जमली होती. बॉम्ब फुटला नाही, सगळे वाचले. त्या दिवशी त्या माणसांनी ज्याचे आभार मानले त्याचे त्यांच्या भाषेतले नाव अल्ला होते. त्यांना त्यासाठी मुसलमान व्हावे लागले नाही आणि अल्ला म्हटल्यामुळे त्यांचे ख्रिश्चनपणही उणे झाले नाही.

हे कसे घडले, ते थोडक्यात सांगते. ८७० साली उत्तर आफ्रिकेतल्या अग्लबी राजवटीच्या फौजांनी माल्टा जिंकले. सिसिली आणि माल्टात अरबी रुजली. १०९१ मध्ये नॉर्मन सरदार रॉजरची स्वारी झाली. पुढे सत्ता ख्रिश्चन राजांकडे गेली आणि तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या मुसलमानांपैकी काही बाटवले गेले, काही हद्दपार झाले. भाषा मात्र राहिली. तिच्यात सिसिलियन आणि इटालियन शब्द इतके शिरले की आज निम्म्याच्या आसपास शब्द तिकडचे आहेत. पण तिचा सांगाडा, क्रियापदे, आकडे, रोजच्या गरजेचे शब्द अरबीच राहिले. लिपी रोमन झाली. मिकिएल आन्तोन वासाल्ली या विद्वानाने १७९१ मध्ये तिचे व्याकरण आणि १७९६ मध्ये शब्दकोश छापला. १९३४ मध्ये ती अधिकृत भाषा झाली. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला, २००४ मध्ये युरोपीय संघात गेला, आणि आज अरबीच्या कुळातली ही एकच भाषा त्या संघाच्या अधिकृत भाषांत बसते.

भावाने आणलेली ही हकिगत मी शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत सांगितली, घरी सांगितली, नातेवाइकांत सांगितली. दोन उत्तरे मिळाली आणि दोन्ही तपासण्यासारखी आहेत.

एका शिक्षकमित्राने उत्तर दिले, ‘‘बघा, म्हणजे त्यांनी धर्म बदलला तरी भाषेत परक्यांची खूण राहिली. भाषा शुद्ध ठेवली नाही की असं होतं.’’ या विचाराला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, विसाव्या शतकात सावरकरांची भाषाशुद्धी झाली. दिग्दर्शक, महापौर हे त्या चळवळीतले चांगले शब्द मराठीने घेतले, मीही वापरते. पण कागद, बाजार, खर्च, जमीन, हवा, वकील, सरकार हे शब्द मराठीने टाकले का? पेशवाई शनिवारवाड्यातून चालत होती आणि ‘पेशवा’ हा शब्दच फारसी होता. आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात वारकऱ्याच्या कपाळी लागणारा ‘अबीर’ हा मूळ अरबी शब्द. विठोबाला त्याचा विटाळ झाला नाही, मग भाषाशुद्धीवाल्यांना कसा होतो? आपल्याच तालुक्याचे, करमाळ्याचे, डॉ. यू. म. पठाण यांनी ‘फार्सी-मराठी अनुबंध’ दाखवण्यासाठी केवढे कष्ट घेतले. परके म्हणून ज्याला बाहेर काढायचे तोच शब्द घराचा खांब निघतो, हे त्यांच्यासारख्यांच्या अभ्यासातून आपल्याला कळले.

दुसरे उत्तर आमच्या एका वडीलधाऱ्या चाचांचे. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘‘बेटी, इससे तो मेरीच बात साबित होती. वहाँ जबान रह गई, दीन चला गया. हमारे बच्चे मराठी में सोचने लगे तो अपना भी वहीच हाल होगा.’’

चाचांचा हा युक्तिवाद आपल्या समाजात घरोघरी चालतो, म्हणून त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. चाचा, माल्टात दीन गेला तो भाषेमुळे गेला नाही, तो राजांच्या हुकमांनी गेला. उलट तिथे भाषा होती साक्षात अरबी, कुरआनची भाषा! भाषा दीनाचे रक्षण करत असती तर माल्टा आजही मुसलमान असता. आणि दुसऱ्या भाषेने दीन बुडत असता तर केरळचा मापिळा मल्याळम बोलून केव्हाच बुडाला असता, बंगालचा मुसलमान बंगाली बोलून बुडाला असता, इंडोनेशिया तर कधीच बुडाला असता. बंगाली मुसलमानांनी तर २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात आपल्या भाषेसाठी गोळ्या खाल्ल्या, आणि समोर लादली जात होती ती उर्दू होती. त्यांचा रोजा-नमाज कुठे गेला नाही. सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीचा आशय प्रत्येक मौलवीला ठाऊक आहे: प्रत्येक पैगंबर त्याच्या कौमच्या भाषेतच पाठवला गेला, लोकांना नीट समजावे म्हणून. मग आमच्या लोकांना नीट समजावे म्हणून कोणती भाषा हवी? आमच्या नात्यातल्या एका गावी काही तरुणांनी सुचवले की जुम्याच्या खुत्ब्याआधीचे बयान मराठीत करावे, कारण नव्या पोरांना अवघड उर्दू कळत नाही. त्यांना गप्प बसवण्यात आले. पोरे आता बयान संपल्यावरच येतात. यात दीनाचा काय फायदा झाला?

म्हणजे माल्टा दोघांनाही खोटे पाडतो. भाषा धर्म वाचवत नाही आणि भाषा धर्म बाटवतही नाही. ती जो बोलतो त्याची होते. माझे म्हणणे एवढेच आहे. पण ते मान्य केले की दोन्ही बाजूंच्या बऱ्याच सवयी सोडाव्या लागतात.

माल्टाच्या लोकांनाही हे पचायला जड गेले. आपली भाषा अरबांची, म्हणजे ज्यांना शत्रू मानले त्यांची, ही गोष्ट तिथल्या पुष्कळ शिकलेल्या लोकांना लाजिरवाणी वाटत होती. मग ही भाषा अरबीतून नव्हे, त्याहून फार प्राचीन अशा फिनिशियन लोकांच्या भाषेतून आली, असा सिद्धांत दीर्घकाळ अभिमानाने मांडला गेला. अभ्यासकांनी पुढे तो खोडून काढला. हे वाचताना मला हसू आले नाही, कारण आपण नेमके याच्या उलट करतो. माल्टाचा ख्रिश्चन म्हणतो आमचे कोणी अरब नव्हेत, आणि आपल्यातला पिंजारी, बागवान, आतार, तांबोळी चार पैसे जमले की वंशावळ काढून म्हणतो आमचे मूळ अरबस्तानातले. दोघेही तोंडातल्या भाषेपासून पळत असतात. आपल्या तोंडात तर दखनी आहे, जिच्यात मराठीचा ‘नको’ ‘नक्को’ होऊन बसला आहे. एवढी साक्ष असताना आणखी कोणती वंशावळ हवी?

आपल्या उर्दूवाल्यांसाठी माल्टा हे नाव नवे नाही. शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांना हिजाजमध्ये पकडून इंग्रजांनी १९१७ मध्ये माल्टाच्या कैदेत नेले. सोबत त्यांचे शागीर्द मौलाना हुसेन अहमद मदनी होते. हकीम नुसरत हुसेन तिथेच वारले. १९२० मध्ये सुटका झाल्यावर हे ‘असीर-ए-माल्टा’ मुंबई बंदरातच उतरले आणि खिलाफत चळवळीच्या पुढाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले. त्याच्या आधी, १८७८ मध्ये, रशियाला धाक दाखवायला इंग्रजांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टाला नेले होते आणि काही आठवड्यांनी तिथून सायप्रसला हलवले होते. त्या सैनिकांच्या किंवा कैद्यांच्या कानांवर तिथल्या गल्लीतला ‘अल्ला’ पडला असेलच. पण मला सांगायचे आहे ते मदनींबद्दल. माल्टाच्या कैदेतून आलेल्या याच आलिमने १९३८ मध्ये ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’ लिहिले. कौम वतनाने बनते, धर्माने नव्हे, असे मांडले आणि त्यासाठी इकबालांशी वाद ओढवून घेतला. ज्यांचे नाव घेऊन आपण जलसे करतो त्यांनी वतनाला कौमचा पाया मानले. मग वतनाची भाषा ‘त्यांची’ कशी झाली?

आणि शब्दावर मालकी सांगण्याचा रोग फक्त बहुसंख्य हिंदूंना होतो असे कोणी समजू नये. मलेशियात कॅथलिकांच्या ‘हेराल्ड’ साप्ताहिकाने मलय भाषेत देवासाठी ‘अल्लाह’ हा शब्द वापरला म्हणून वर्षानुवर्षे खटला चालला. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. का, तर हा शब्द मुसलमानांचा! अरबस्तानातले ख्रिश्चन इस्लामच्या आधीपासून बोलतात तो शब्द, माल्टाचे पाद्री रोज उच्चारतात तो शब्द. सत्ता हातात असली की आपणही तेच करतो, हे कबूल केल्याशिवाय इथल्या अन्यायावर बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

इथला अन्याय मात्र आहे, आणि तो लहान मुलांपर्यंत पोचतो. माझ्या वर्गातली एक मुलगी मराठी निबंधस्पर्धेत उतरली. तिने लिहिले, ‘माझी अम्मी फजरला उठते.’ परीक्षकांनी ‘अम्मी’ लाल शाईने खोडून वर ‘आई’ लिहिले आणि ‘फजर’ खोडून ‘पहाट’. वाक्य शुद्ध झाले. पण त्या वाक्यातली बाई आता त्या मुलीची आई राहिली नाही. फजर म्हणजे नुसती पहाट नव्हे. त्यात वजूचे गार पाणी आहे, अंथरलेली जानमाज आहे, आणि चूल पेटण्याआधीची शांतता आहे. हे सारे मराठीत यायला निघाले होते, परीक्षकांनी ते दारातून परत पाठवले. नुकसान त्या मुलीचे झाले तितकेच मराठीचेही झाले. इंग्रजी ‘सॉरी’ आणि ‘टेन्शन’ ज्या वहीत चालते त्या वहीत ‘फजर’ का चालू नये?

मराठीने पूर्वी असे केले नव्हते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला तो तुर्काला बोलू देऊन. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले, त्यात ख्रिस्ताच्या स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आणि मराठीला ते खपले. आमच्या शेजारच्या बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राची सभा पेटत असे. तेव्हा कोणी त्यांना विचारले नाही की मुसलमान असून इतके चांगले मराठी कसे गाता. सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते. दार उघडले असे वाटले होते. आज तीन दशकांहून अधिक काळ उलटल्यावरही लाल शाई चालूच आहे.

माल्टाला मी जन्नत समजत नाही. १५६५ मध्ये उस्मानी फौजांनी त्या बेटाला वेढा घातला तेव्हा तटाच्या आतले आणि बाहेरचे एकाच नावाने देवाला हाक मारत एकमेकांना मारत होते. त्याआधी १५५१ मध्ये गोझो बेटावरची जवळजवळ सारी माणसे गुलाम करून नेली गेली, तीही ‘अल्ला’ म्हणणारीच होती. आणि अलीकडे, जून २०१८ मध्ये, लिबियाच्या बाजूने समुद्रात वाचवलेल्या निर्वासितांचे ‘अ‍ॅक्वेरियस’ जहाज इटलीने आणि माल्टाने बंदरात घेतले नाही. त्यांना स्पेनपर्यंत जावे लागले. शब्द सारखे असले म्हणून मने आपोआप जुळत नाहीत. भाषा माणसाला भला करत नाही, ती फक्त बोलण्याची सोय करून देते. बोलायचे की नाही हे माणसांनीच ठरवायचे असते.

म्हणून माझे सांगणे दोघांनाही आहे. मराठीच्या राखणदारांनो, आमच्या मराठीचे कौतुक करू नका. कौतुक पाहुण्याचे करतात. आमची अम्मी, खाला, फजर, मगरीब, दुआ आणि मय्यत जशी आहे तशी छापा, कंसात अर्थ न देता. मराठी वाचकाला दोनदा वाचले की कळेल, त्याला ‘पेशवा’ कळला तसेच.

आणि आपल्या लोकांनो, मी उर्दू शिकवते आणि शिकवत राहीन. ती प्रेमचंदांची, फिराकची, कृष्णचंदरचीही भाषा आहे. ती फक्त आपली आहे असे म्हणून आपणच तिला लहान केले. पण मराठीला ‘उनकी जबान’ म्हणणे आता पुरे. आपले दुःख, आपल्या मुलींचे शिक्षण, तलाकचे प्रश्न, दर्ग्यातले उरूस, ईदची सकाळ हे आपण मराठीत लिहिले नाही तर ते दुसरे कोणी लिहील, आणि ते त्यांच्या सोयीने लिहील. माल्टाच्या माणसाने नऊशे वर्षांत राजे बदलले, धर्म बदलला, लिपी बदलली, पण तोंडातली भाषा सोडली नाही. आपल्यावर यातले काहीही बदलण्याची वेळ आलेली नाही. आपल्याला फक्त तोंडात आहे ते कागदावर उतरवायचे आहे.